कासव वीस

मित्रांनो, मला डोळे आहेत, नजर मात्र नाही. कुणी आपले डोळे माझ्या डोळ्यांना लावले, की त्यांच्या नजरेनं मला दिसतं. त्यांनी डोळे काढून घेतले, की माझ्यापुढे अंधार. मग मी नुसती ऐकत राहते आणि न दिसलेलं घरच्यांच्या बोलण्यातून जुळवून घेते. अशी मी एक जुनी दुर्बीण आहे. माझा काळा रंग कडेकडेनं उडाला आहे, उजव्या काचेच्या कोपऱ्यात बुरशीची बारीक जाळी धरली आहे. मस्कतला, वादी अदाईतल्या एका घरात, बाल्कनीच्या दाराशेजारच्या खुंटीवर मी लटकत असते. लटकत असले तरी बेकार नाही, बरं का. का नाही, तेच सांगायचं आहे.

माझा जन्म जपानचा. काच घासणाऱ्या बोटांची ऊब मला आठवते. चेहरे आठवत नाहीत, कारण तेव्हा मी काही पाहिलेलंच नव्हतं. मग एक खोका, एक जहाज, समुद्राचं अखंड पाळणा हलवणं, आणि शेवटी मस्कतचं मत्रा बंदर. बंदरासमोर दोरखंड, गळ, जाळी आणि होकायंत्रं विकणारं दुकान होतं. तिथं हुसेन नावाचा रत्नागिरीकडचा तरुण काम करायचा. रोज सकाळी तो मला सदऱ्याच्या बाहीनं पुसायचा आणि गिऱ्हाइकापुढे माझी अशी तारीफ करायचा, की मलाच लाज वाटावी. हिच्यातून बघितलं तर पलीकडचा रत्नागिरीचा किनारा दिसतो, असं त्यानं एकदा ठोकून दिलं.

समोर चंद्रशेखर नावाचे एक मराठी इंजिनिअर उभे होते. पुण्याचे, मस्कतमध्ये वीज तयार करणाऱ्या कंपनीत नोकरीला. त्यांनी मला डोळ्यांना लावलं, सावकाश रोख बदलला आणि शांतपणे सांगितलं, की हो, किनारा दिसतोय, पण तिथं हुसेनची आई काठी घेऊन उभी आहे, मुलगा खोटं बोलतो म्हणून. दोघं खूप हसले. त्यांची दोस्ती तिथंच जमली.

ते हसणं मला नीट ऐकूसुद्धा आलं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते ना! एका जुन्या लाकडी गलबताची डोलकाठी होती. तिच्या टोकावर एक समुद्रपक्षी बसला होता आणि त्याच्या चोचीच्या अगदी टोकाला पाण्याचा एक थेंब होता. थेंबात सगळं बंदर उलटं लटकत होतं. जग एवढं असतं? एका थेंबात मावूनही उरणारं? त्या दिवसापासून आजपर्यंत मी त्या आश्चर्यातून काही बाहेर आलेले नाही.

पुढची वर्षं कामाची आणि आनंदाची होती. शुक्रवार हा तिथला सुट्टीचा दिवस. शुक्रवार उजाडला, की चंद्रशेखर मला गळ्यात अडकवत. अमेरातच्या बाजूला पांढरी गिधाडं आकाशात वर्तुळं काढत, ती मी पाहिली. कुरुमच्या खारफुटीत एका पायावर उभा राहून ध्यान करणारा बगळा पाहिला. डोंगराच्या उतारावर, जिथं गवताची काडी दिसत नव्हती, तिथं एक हरीण शांतपणे रवंथ करताना पाहिलं. ते काय खात होतं, देव जाणे.

आणि ते डोंगर! ना झाड, ना झुडूप. काळेतपकिरी, जळून थंड झालेल्या तव्यासारखे. चंद्रशेखर आपल्या लहान मुलाला, आशुतोषला, मांडीवर घेऊन सांगत, "आशू, आपला सह्याद्री आगीतून झाला. हेही आगीतूनच झाले, पण समुद्राच्या खाली. तळाशी दगड वितळला, उसळला, थिजला. मग पृथ्वीनं तो तळच्या तळ उचलला आणि इथं आणून ठेवला. आपण आत्ता समुद्राच्या तळावर बसलोय." आशू पायाखालचा दगड हळूच हातानं चाचपायचा, ओला आहे का ते बघायला. मलाही तेव्हा वाटायचं, कान दिला तर या दगडातून लाटा ऐकू येतील.

माझा कातडी पट्टा एकदा तुटला. तेव्हा चंद्रशेखरांच्या पत्नीनं, उत्तराताईंनी, खणाच्या तुकड्याचा नवा पट्टा शिवला. जांभळा, हिरव्या काठाचा. दुर्बिणीला खणाचा पट्टा बघून मित्रमंडळी चेष्टा करत. उत्तराताई म्हणायच्या, ही आमची सासुरवाशीण आहे, तिला खण नको का? शिवता शिवता त्या स्वतःशीच ओव्या रचून गुणगुणत. त्यातली एक माझ्या पट्ट्यातच शिवली गेली आहे:

निळ्या गं पाण्याखाली कोणाचं गाव वसे,
पाठीवर घर ज्याचं, त्याला गं वेस नसे.

ही ओवी त्यांना दिमानियात बेटांपाशी सुचली होती. मस्कतच्या पश्चिमेला, सीबच्या किनाऱ्यावरून होडीनं जावं, तर समुद्रात ही बेटं लागतात. वस्ती नाही, सगळं राखीव. तिथं पक्ष्यांचं राज्य आणि पाण्यात कासवांचं. उत्तराताईंनी तिथं माझ्यातून पहिलं कासव पाहिलं आणि त्या एवढा वेळ गप्प राहिल्या, की चंद्रशेखरांना वाटलं, हिला होडी लागली.

मग नोकरी संपली. आम्ही पुण्याला परतलो. मी लोखंडी कपाटात गेले, डांबराच्या गोळ्यांच्या वासात. कपाटाचं दार उघडायचं, बंद व्हायचं, पण हात यायचा तो माझ्या शेजारच्या शालीसाठी. त्याच दिवसांत माझ्या काचेवर बुरशी धरली. एका पावसाळ्यात उत्तराताई गेल्या. रडण्याचे आवाज मी कपाटातून ऐकले. त्यानंतर घरात इतकी शांतता झाली, की मला भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं.

चंद्रशेखरांना आता सगळे आबा म्हणत. आबांच्या डोळ्यांत दोष झाला होता. म्हातारपणी काहींना होतो तसा: नजरेच्या मधोमध एक काळा डाग बसतो आणि वाढत जातो. ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. कडेनं थोडं दिसत राहतं, पण कडेनं कोण बघतं? पोळीकडे बघितलं तर पोळी नाही, माणसाकडे बघितलं तर त्याला चेहरा नाही. आशुतोष आता कुरुमच्या एका ऑफिसात नोकरी करत होता. तो आबांना मस्कतला घेऊन आला. आबांनी सामान फार घेतलं नाही. पण निघण्याआधी त्यांनी कपाटात हात घातला, शाल बाजूला केली, खणाचा पट्टा बोटांनी ओळखला आणि मला बॅगेत ठेवलं. ज्याला बघताच येत नाही, त्यानं दुर्बीण कशाला घ्यावी? मी विचारणार कशी? मला तोंड नाही.

वादी अदाईच्या घराची बाल्कनी थेट डोंगरासमोर होती. तोच डोंगर, समुद्राचा तळ. आबा मात्र बाल्कनीकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून बसत. म्हणत, इथं काय, तिथं काय, मला सारखंच.

आशुतोषची मुलगी मैथिली. इंग्रजी शाळेतली, वयानं नऊ. तिचं मराठी नुकत्याच चालायला लागलेल्या बाळासारखं होतं: चार पावलं टाकायचं आणि धप्पकन बसायचं. मला खुंटीवरून काढायची परवानगी तिलाच होती. ती मला डोंगराकडे धरायची, आबांना काहीतरी दाखवायला जायची आणि मध्येच तिला आठवायचं, की त्यांना दिसत नाही. मग ती हळूच मला परत अडकवायची.

एका संध्याकाळी मैथिलीची आई, रेखा, स्वयंपाकघरातून पुण्याच्या बहिणीशी फोनवर बोलत होती. मिक्सर चालू होता, त्यामुळे बोलणं तुटक तुटक येत होतं. अचानक मिक्सर थांबला आणि एक वाक्य स्वच्छ बाहेर आलं: "आबांचं हे असं. जीव नुसता कासावीस होतो गं." पुन्हा मिक्सर सुरू झाला.

ते वाक्य खुंटीवर मी ऐकलं. खुर्चीत आबांनी ऐकलं. आणि जमिनीवर चित्र रंगवणाऱ्या मैथिलीनं ऐकलं. मित्रांनो, एकच वाक्य होतं, पण तीन कानांत ते तीन वाटांनी गेलं.

त्याच रात्री जेवताना आबांनी आशुतोषला सांगितलं, की मला पुण्याचं तिकीट काढून दे. महिनाअखेरचं. आशुतोषनं कारण विचारलं, समजूत घातली, थोडा चिडलासुद्धा. आबा एकच म्हणत राहिले, की माझं मन नाही लागत. रेखाताईचं ताट तसंच राहिलं.

मैथिलीनं मात्र दुसऱ्याच दिवशी वडिलांना विचारलं, की टर्टल्स कुठे असतात. तिला शुक्रवारी कासव वीस बघायचे होते. आशुतोषनं तिला सुधारलं: कासव वीस नाही, वीस कासवं. ती हट्टानं म्हणाली, नाही, कासव वीस. मम्मी तसंच म्हणते. आशुतोषच्या डोक्यात तेव्हा तिकिटाचा विचार होता. त्यानं लक्ष दिलं नाही. मी दिलं. माझ्या काचेआड लख्ख उजेड पडला. या पोरीनं 'कासावीस' हा शब्द कधी ऐकलाच नव्हता! तिला वाटलं, आबांचा जीव वीस कासवं मागतो आहे. वीस कासवं मिळाली, की ते बरे होतील, आणि जाणार नाहीत.

मला तोंड असतं, तरी मी तिला सुधारलं असतं का? खरं सांगते, नसतं.

आबा यायला तयार होईनात. आंधळ्याला समुद्र दाखवणं म्हणजे बहिऱ्यापुढे कीर्तन, म्हणाले. मैथिली त्यांच्या गुडघ्याला धरून बसली. तुम्ही नाही आलात तर काउंट होणार नाही, एवढंच ती पुन्हा पुन्हा सांगत होती. शेवटी आशुतोषनं हुसेनला फोन लावला. हुसेनचं आता सीबला मासेमारीच्या सामानाचं स्वतःचं दुकान होतं. फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"काय वो साहेब, डोळे गेले तर गेले. तोंड हाय ना जाग्यावर? होडीत गोंगाट करणाऱ्यांना शिव्या कोण घालणार, मी?"

आबा हसले. मस्कतला आल्यापासून पहिल्यांदा. मग त्यांनी मैथिलीला अट घातली. "तू बघायचं आणि मला सांगायचं. पण मराठीत. इंग्रजीत सांगितलंस तर मला दिसणार नाही."

अशी आमची स्वारी निघाली. फेब्रुवारीची सकाळ होती, समुद्र नुकत्याच इस्त्री केलेल्या ओढणीसारखा. होडी सालिम नावाच्या ओमानी नावाड्याची. हुसेननं परवानगीचं सगळं आधीच करून ठेवलं होतं आणि सोबत तोही आला होता. किनारा मागे गेला तसा आशुतोष पिवळा पडला आणि त्यानं होडीच्या काठावर डोकं टेकवलं. साहेबांचा पोरगा मस्कतच्या पाण्यावर वाढला नि दर्याला पाठ दाखवतो, असं म्हणत हुसेननं त्याला लिंबू चाटायला दिलं.

बेटं दिसायला लागली तशी सालिमनं होडी हळू केली. मग इंजिन बंद केलं. त्या क्षणाची शांतता मी कशी सांगू? शांततेलाही आवाज असतो: होडीच्या पोटाला पाण्याचं चुळुक चुळुक, आणि वर कुठेतरी पंखांची एक लांब सळसळ. मैथिलीनं मला डोळ्यांना लावलं. इतक्या वर्षांनी मला पुन्हा दिमानियात दिसलं.

पांढऱ्या चुनखडीचा कडा सरळ पाण्यातून उठला होता. खाली पाणी आधी हिरवं, मग निळं, मग इतकं गडद निळं, की त्याला नाव नसावं.  तिच्या पापण्या माझ्या काचेला लागत होत्या.

आबांनी विचारलं, "काय दिसतंय?"

"आबा... खूप आहे," ती म्हणाली. आणि तिथंच तिचं मराठी संपलं.

मग दोघांनी मिळून तो समुद्र शब्दाशब्दानं बांधायला घेतला. तिनं सांगितलं, कड्यावर काड्यांचा मोठा ढीग आहे, त्यात दोरी पण आहे, जाळी पण आहे. आबा म्हणाले, घरटं. त्यात कोण आहे? तिला एक पक्षी दिसला, वर तपकिरी, पोट पांढरं, डोळ्यावरून काळी पट्टी, चोरासारखी. आबा हसून म्हणाले, तो कैकर. मासे मारून खातो. पायात मासा आहे का बघ. होता. अजून तडफडत होता. कैकरानं तो घरट्यात ठेवला आणि काड्यांमधून दोन मळकट डोकी वर आली. "आबा, बेबीज... नाही, पिल्लं. पिल्लं आहेत." तिचा आवाज कुजबुजीइतका लहान झाला. सालिमला अजून थोडं पुढे जाता आलं असतं. आबांनी हातानंच त्याला थांबवलं.

मग एक पांढरा शुभ्र पक्षी कड्याच्या पोकळीतून निसटला. चोच लाल, आणि शेपटीत दोन लांब लांब पिसं, अंगाहून लांब. मैथिली म्हणाली, रिबन आहे. आबा म्हणाले, फीत म्हण. तो फीत उडवत आमच्यावरून गेला. मी त्याच्या मागे वळले, म्हणजे मैथिली वळली, आणि एका क्षणी सूर्य त्याच्या पंखातून आरपार गेला. पंखातलं हाड न् हाड दिसलं, जसा दिव्यासमोर हात धरावा आणि तळहात लाल दिसावा. मित्रांनो, मी काचेची आहे, मला रडता येत नाही. पण माझ्या काचेवर त्या वेळी वाफ धरली, ती मैथिलीच्या श्वासाचीच होती असं मी शपथेवर सांगणार नाही.

आणि मग कासव आलं.

आधी पाण्यावर एक गोल सुरकुती पडली. त्यातून डोकं वर आलं, म्हाताऱ्या शहाण्या माणसासारखं, चोच पोपटासारखी वाकडी. "थुप्" असा एक श्वास. आणि ते गेलं. पाण्याखाली त्याची पाठ जाताना दिसली, तिच्यावर तांबूसपिवळी किरणं. मैथिली म्हणाली, डिझाइन. आबांनी सांगितलं, नक्षी. ती म्हणाली, "आबा, एक झालं."

दोन झाली, पाच झाली. डावीकडून एक आलं, ते अगदी जवळ. आशुतोष लिंबू चाटत म्हणाला, की हे आधीचंच परत आलं असेल, मोजू नकोस. मैथिली इतकी दुखावली, की तिनं माझा पट्टा मुठीत आवळला. हुसेननं न्याय दिला. इथं माणसाला बताका लागतो, म्हणजे सरकारी ओळखपत्र. कासवाकडं कोण बताका मागणार? प्रत्येक वेळी नवं धरायचं. मोजणी पुढे सुरू झाली. रेखाताईनं थालीपिठं काढली, ती तशीच हातात राहिली. तीही मोजायला लागली होती. आबा आता मान उंचावून बसले होते. ते विचारत, कुठल्या दिशेला? किती लांब? पोहतंय कसं? मैथिली सांगत होती, "हात पंखासारखे करतंय, आबा. पाण्यात उडतंय." हा शब्द तिला कुणी दिला नव्हता. आबा पुटपुटले, "पाण्यात उडतंय," जणू एखादी ओवी तोंडात घोळवत होते.

एकोणीस झाली, आणि वारा फिरला.

पाण्यावर बारीक पांढरे केस उगवावे तशा लाटा उठल्या. सालिमनं आकाशाकडे बघितलं. खलास, म्हणाला, आता परतायचं. थोड्या वेळानं होडी उड्या मारील. त्यानं इंजिनच्या दोरीला हात घातला.

"नको. अजून एक," मैथिली म्हणाली.

आशुतोषनं समजावलं, पुढच्या महिन्यात पुन्हा येऊ. ती ओरडली नाही. तिनं मला डोळ्यांवर घट्ट दाबून धरलं, आणि माझ्या दोन्ही काचा खाऱ्या झाल्या. पुढच्या महिन्यात आबा नसणार, हे तिला ठाऊक होतं.

"एकोणीसचा उपयोग नाही. कासव वीस पाहिजे. मम्मी मावशीला म्हणाली, आबांचा जीव कासव वीस होतो. वीस झाले नाहीत तर आबा जाणार."

 सालिमला मराठी कळत नव्हतं, पण त्याचा हात दोरीवर थांबला. मैथिलीनं मला खाली सोडलं. मी तिच्या छातीवर लटकू लागले आणि माझ्यापुढे पुन्हा अंधार झाला. यापुढचं सगळं, मित्रांनो, मी ऐकलेलं आहे, काही तेव्हाच, काही नंतर घरच्यांच्या तोंडून.

रेखाताईचा आवाज आला. "माझा जीव, आबा. मी माझ्या जिवाबद्दल बोलत होते. तुम्ही दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसता. उठवावं तर तुम्हाला राग येईल, नाही उठवावं तर बघवत नाही."

"मी ऐकलं होतं ते," आबा म्हणाले. "मला वाटलं, माझ्यापायी या घराचा जीव कासावीस झालाय. म्हणून म्हटलं, जावं."

"विचारायचं ना मला."

"तू तरी कुठे विचारलंस, बाई?"

रेखाताई हसली की रडली, नुसत्या आवाजावरून मला ठरवता आलं नाही. हुसेन घसा खाकरून दोरखंड गुंडाळायला लागला; तो आधीच गुंडाळलेला होता. आबांना सुनेसमोर डोळे पुसायचे नव्हते. त्यांनी तोंड फिरवलं. पार दुसरीकडे, जिकडे बघण्यासारखं काही नव्हतं.

आणि ते एकदम म्हणाले, "मैथिली. ते बघ. माझ्या उजव्या हाताला, मागे."

मी ऐकलं: पाणी फुटल्याचा बारीक आवाज. "थुप्."

आबा सांगत होते, आणि मी त्यांच्या छातीपासून हातभर अंतरावर, अंधारात लटकून, त्यांच्या शब्दांनी पाहत होते. "मोठं आहे. पाठीला शेवाळ लागलंय. डोकं वर काढून आपल्याकडेच बघतंय, घाई नाही त्याला. नाही, मी वळत नाही, वळलो तर पुसलं जाईल. कडेनं दिसतंय मला. कडेनं सगळं दिसतंय गं. आता पाय मारला. चाललं. निळ्यात चाललं."

"वीस," मैथिली म्हणाली. अगदी हळू.

तिनं घाईघाईनं मला गळ्यातून काढून त्यांच्या हातात दिलं, नीट बघा म्हणाली. आबांनी माझ्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला, जिथं उत्तराताईंचे टाके आहेत तिथून, आणि मला परत तिच्या गळ्यात घातलं. "ही मधलंच दाखवते, बाळा. माझं मधलंच गेलंय. मधलं तू बघ, कडेचं मी बघतो." जन्मभर मला अभिमान होता, की मी दूरचं जवळ आणते. दूरचं जवळ आणताना मी भोवतीचं केवढं कापून टाकते, हे मला त्या दिवशी कळलं.

होडी उड्या मारत परत निघाली. आशुतोषनं पुन्हा लिंबू मागितलं. वाटेत आबांनी मैथिलीला 'कासावीस'चा खरा अर्थ सांगितला. तिनं तो पूर्ण ऐकून घेतला आणि म्हणाली, की तिचा अर्थ जास्त चांगला आहे. पुण्याच्या माणसानंही ते बिनतक्रार मान्य केलं. उतरताना आबा आशुतोषला म्हणाले, ते तिकीट पुढे ढकल. कैकराची पिल्लं उडेपर्यंत तरी थांबतो. उडाली की नाही ते कळल्याशिवाय कसा जाऊ? मग इंजिनच्या घरघरीत त्यांनी काहीतरी गुणगुणलं. शब्द उडून गेले, पण चाल माझ्या ओळखीची होती: पाठीवर घर ज्याचं, त्याला गं वेस नसे.

आता आबांची खुर्ची बाल्कनीत असते, डोंगरासमोर थोडी तिरकी. शाळेतून आल्यावर मैथिली मला खुंटीवरून काढते. मी तिला अमेरातवरून येणारं गिधाड दाखवते, ती ते आबांना सांगते, आबा तिला एक नवा शब्द देतात. कधी कधी ते तिच्याआधीच म्हणतात, आलं बघ, आणि ते खरोखर आलेलं असतं.

मित्रांनो, माझी काच पुसायची तर मऊ कापडानं पुसा, सदऱ्याच्या बाहीनं नको. हुसेनच्या बाहीचे ओरखडे मी अजून बाळगते आहे. मला कपाटात कोंडू नका. घरटं दिसलं तर लांबूनच बघा, इंजिन बंद करा, आवाज बंद करा. जवळ आणायला मी आहे, तुम्ही जवळ जाऊ नका. पण घरात कुणी भिंतीकडे तोंड करून बसलं असेल, तर तिथं मी कामाची नाही. तिथं तुम्हीच जवळ जा. शेजारी बसा, आणि बाहेर काय काय दिसतंय ते त्यांना सांगायला लागा. शब्द अडला तर अडू द्या. तो त्यांच्याकडे असतो.